जिभाऊंचा लॅपटॉप : दुरुस्तीच्या नोंदी, अमळनेर

२१ एप्रिल २०२५, सोमवार

संध्याकाळी जिभाऊ मोटरसायकलवर आले. टाकीवर टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप, कुणाचं तरी तान्हं बाळ आणावं तसा. उतरल्या उतरल्या, "हाऊ मरी गया का रे भो, दख बरं."

जिभाऊ म्हणजे माझे चुलते. पंचवीसेक वर्षांपासून डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, वास्तुशांती, मधूनच एखाद्या ग्रामपंचायतीचा फ्लेक्स. सगळं या एका यंत्रात. २०१६ च्या पाडव्याला घेतलेला, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज ७. आणि ऐन लग्नसराईत बंद.

लक्षणं लिहून ठेवतो. सुरू केला की कंपनीचं चिन्ह येतं, बराच वेळ तसंच राहतं, मग काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगं काही सापडत नाही असा संदेश. कीबोर्ड पूर्ण मेलेला. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. गावातल्या एका दुकानदाराने दोन मिनिटं बघून सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. दोन गोष्टी एकदम बंद पडल्या की सगळे असंच म्हणतात, आणि खोटं ठरवणं अवघड असतं. माझ्याही मनात पहिलं तेच आलं.

जिभाऊंना विचारलं, बंद पडायच्या आधी काय झालं? आठवडाभर फार हळू चालत होता. मग एका रात्री सुरू होताना स्वतःच डिस्क तपासायला लागला आणि ११ टक्क्यांवर अडकला. सकाळपर्यंत तिथेच. मग पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा दाबून धरला. असं किती वेळा? "कोन मोजस रे!"

बॅकअप? "पेन ड्राइव्हमा शे." पेन ड्राइव्ह लावून पाहिला. फॉन्टचं जुनं सेटअप आणि हरिपाठाच्या एमपी३.

आज फक्त एकदा सुरू करून कान लावला. डिस्क फिरते. टक-टक असा ठोका नाही, म्हणजे हेड, डिस्कवरून वाचणारं टोक, अजून जागेवर आहे. ठोका असता तर मी हातच लावला नसता, ते काम घरचं नव्हे. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न केल्यासारखी कुरकुर मात्र स्पष्ट येते. बंद केला, बॅटरी काढली, खालचे दोन स्क्रू सोडून डिस्क बाहेर घेतली. आता हा लॅपटॉप तिच्यासकट सुरू करायचा नाही, घरात सगळ्यांना सांगून ठेवलं.

२२ एप्रिल

शाळेच्या लॅबमधून निकाली निघालेला एक डेस्कटॉप माझ्याकडे आहे. त्याच्या सॅटा पोर्टला, म्हणजे आतल्या डिस्कच्याच जोडणीला, ती थेट जोडली. यूएसबीचं अडॅप्टर होतं हाताशी, पण आजारी डिस्कला मधला दलाल नको. काही अडखळलं तर डिस्क अडखळली की अडॅप्टर, हेच कळत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी प्रणाली, सुरू केलं आणि डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचल्या.

डिस्कचं स्वतःबद्दलचं मत: प्रकृती उत्तम, 'पास'. हे कायमचं आहे. गाडी घाटात उलटली तरी ड्रायव्हर म्हणतो काही नाही झालं, तसं. खरं खालच्या ओळींत असतं. बदलून टाकलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, १,३८४. वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले ९१२. केबलच्या चुका शून्य, म्हणजे वायरचा संशय मिटला. चालू असण्याचे तास १९,४८०. रोजचे सहा तास धरले तर नऊ वर्षांचा हिशोब जवळजवळ बरोबर बसतो. जिभाऊंनी सुट्टी घेतलेली दिसत नाही.

आणखी एक ओळ लक्षात राहिली. वीज अचानक तुटली की हेड घाईघाईने मागे ओढावं लागतं, त्याची मोजणी ६११. काही कंपन्या हा आकडा वेगळ्या रीतीने मोजतात, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. पण ६११ म्हणजे काही थोडंथोडकं नाही.

डिस्क दुरुस्त करणारी विंडोजची तपासणी चालवायची नाही, हे जिभाऊंना समजावताना अर्धा तास गेला. ती तपासणी फाइलींची यादी जुळवते, त्यासाठी खराब जागा पुन्हा पुन्हा घासते आणि न जुळलेलं छाटून टाकते. चांगल्या डिस्कसाठी ठीक. इथे आधी जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, जुळवाजुळव मग त्या नकलेवर.

शेजारच्या भाऊने सांगितलं, डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेव, रात्रभरात चालू होते. बाहेर ४३ अंश, फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीखाली टेबलावर तळं होतं. तेच पाणी डिस्कच्या आत. नको रे भाऊ.

२४ एप्रिल, सकाळ

काल रात्रीची नोंद, आणि चूक माझी.

दिवसा घरात फार तापतं म्हणून रात्री १० नंतर काम सुरू केलं. साधन डीडीरेस्क्यू, आजारी डिस्कची नक्कल उतरवून घेणारं. त्याची रीत मला शेतातल्या कापूस वेचणीसारखी वाटते: पहिल्या फेरीत सहज हाताला येतं ते घ्यायचं, अडकलेल्या बोंडाशी झगडत बसायचं नाही, पुढे जायचं. मागे राहिलेल्यासाठी दुसरी, तिसरी फेरी. कुठलं झालं, कुठलं राहिलं याची नोंद तो एका छोट्या नकाशा-फाइलीत ठेवतो, त्यामुळे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

११ वाजेपर्यंत ३३ टक्के, सेकंदाला ७० एमबीच्या आसपास. मग वेग एकदम किलोबाइटमध्ये आला. कुरकुर सुरू. टेबल फॅन डिस्कच्या तोंडावर लावला, तरी तापमान ५१. अशा डिस्क साधारण ६० पर्यंत चालवायच्या असतात, म्हणून नजर ठेवून बसलो.

२ वाजून १० मिनिटांनी लाइट गेली. इन्व्हर्टर आहे, पण तो घेईपर्यंतच्या क्षणात डेस्कटॉप बंद पडून पुन्हा सुरू झाला. हरकत नाही म्हटलं, नकाशा आहे. आणि मग लक्षात आलं, नकाशा-फाइल मी पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवली होती. तो फोल्डर रॅममध्ये असतो. वीज गेली, नकाशा गेला. चार तासांची वेचणी शेतातच, आणि कुठल्या ओळी झाल्या तेही माहीत नाही.

नऊ वर्षं मुलांना 'सेव्ह कुठे केलंस ते बघ' म्हणणारा माणूस मी.

२५ एप्रिल

काल रात्री नव्याने. या वेळी प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल असलेली फाइल, आणि नकाशा दोन्ही डेस्कटॉपच्या १ टीबी डिस्कवर. शिवाय डीडीरेस्क्यूला उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला लावलं. खराब पट्टा ३३ ते ३६ टक्क्यांच्या मध्ये आहे हे आता माहीत झालं होतं. त्याच्या पलीकडचं सगळं चांगलं आधी हाती यावं, त्या चिखलात पुन्हा रुतून बसू नये.

लाइट एकदा पहाटे गेली. या वेळी दोन मिनिटांत काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे.

सकाळी ७ ला पहिली फेरी पूर्ण. ५०० जीबीपैकी न मिळालेलं ६५२ एमबी. टक्क्यांत सांगितलं तर जिभाऊ खूश होतील, पण त्या ६५२ मध्ये काय आहे हे टक्के सांगत नाहीत. आज दिवसा डिस्क बंद ठेवणार. खरवडायच्या फेऱ्या रात्रीच.

दुपारी कीबोर्डकडे वळलो. लॅपटॉपला डिस्क नाही, नुसता बाहेरचा यूएसबी कीबोर्ड. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारं लॅपटॉपचं स्वतःचं सेटिंग, उघडलं आणि गंमत दिसली. पडद्यावरची निवडपट्टी कुणी हात न लावता खाली, खाली, खाली धावत होती. शेवटपर्यंत जायची, वर यायची, पुन्हा खाली. म्हणजे कीबोर्ड मेलेला नव्हता. तो सतत काहीतरी बडबडत होता, इतकं की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

ही एक गोष्ट दिसली आणि मदरबोर्डचा विषय माझ्यापुरता संपला. बायोस चालतं, यूएसबी चालतं, पडदा चालतो, पंखा फिरतो. बायोसमध्येच हा गोंधळ आहे म्हणजे विंडोजचा किंवा ड्रायव्हरचा दोष नाही.

लिनक्स पेन ड्राइव्हवरून लावून की दाबल्याच्या घटना पाहिल्या. दोन की कायम दाबलेल्या: खालचा बाण आणि वरच्या ओळीतली एक फंक्शन की. बाकी कुठलीही दाबली तरी नोंद नाही.

२७ एप्रिल, रविवार

कीबोर्ड उघडला. वरून चार खटके, खालून दोन स्क्रू. त्यातला एक स्क्रू आधीच गायब आणि दुसऱ्याचं डोकं झिजलेलं, म्हणजे याआधी कुणीतरी आत जाऊन आलेलं आहे. कीबोर्ड हलकेच उचलून पालथा केला. त्याची सपाट पट्टी मदरबोर्डवरच्या सॉकेटात जाते. सॉकेटाला नखाएवढी काळी पट्टी असते, ती नखानेच वर करायची, ओढायची नाही. ती तुटली तर मग खरंच मदरबोर्डचं काम निघतं.

पट्टी बाहेर आल्यावर चष्मा काढून डोळ्याजवळ धरली. टोकाच्या चकचकीत रेघांपैकी उजवीकडच्या पाच-सहा तपकिरी. काकवी वाळल्यासारखा चिकट थर, दोन रेघांच्या मधल्या फटीत भरलेला. त्यात एक मुंगी, कधीची वाळलेली, अखंड. कीबोर्डच्या पाठीवर आणखी सातआठ.

कीबोर्डमध्ये प्रत्येक कीसाठी वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते, आणि कुठली आडवी कुठल्या उभीला टेकली यावरून की ओळखली जाते. पट्टीच्या टोकालाच दोन रेघा साखरेने जोडल्या गेल्या की यंत्राला वाटतं कुणीतरी बोट ठेवून बसलंय.

पट्टी काढून लॅपटॉप सुरू केला. बायोसमधली धावपळ बंद. चिन्हावर अडकणंही बंद, लगेच पुढे गेला.

जिभाऊ समोरच बसले होते. विचारलं, चहा सांडला होता का? "नही रे, कव्हयच नही." आतून काकूंचा आवाज आला, "सांडना व्हता ना! कानबाईना येळे!" थोडा वेळ शांतता. मग जिभाऊ दोन बोटांत माप दाखवत म्हणाले, "इतलुसा."

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातला देवीचा सण, श्रावणात. म्हणजे ऑगस्टपासून तो चहा आत वाळत होता. जिभाऊंच्या म्हणण्याप्रमाणे गेला महिनाभर सुरू करताना लॅपटॉप 'आपोआप कुठल्यातरी मेनूत जायचा' आणि ते बटण दाबून धरून बंद करायचे. रोज, कधी कधी चारदा. ते ६११ इथून आले असतील का? सिद्ध करता येणार नाही. नऊ वर्षांची डिस्क स्वतःहूनही जाते. पण चालत्या डिस्कची वीज रोज अशी तोडली तर तिला बरं वाटत नाही, एवढं नक्की.

२८ एप्रिल

गेल्या तीन रात्रींत खरवडून ६५२ एमबीचे ४१ एमबी राहिले. आज पहाटे सव्वाचारला डिस्कने एक लांब कुरकुर केली आणि गप्प झाली. पुन्हा जोडली तर डेस्कटॉप तिला ओळखतच नाही. फिरते, पण नाव सांगत नाही.

मिळालं ते मिळालं. बुधवारची रात्र मी वाया घालवली नसती तर हे ४१ कदाचित ३० झाले असते, हा हिशोब डोक्यातून जात नाही.

प्रतिमा फाइल फक्त-वाचा करून ठेवली, तिची आणखी एक नक्कल केली, आणि नक्कल जोडली. मूळ फोल्डर, नावं, तारखा सगळं दिसतंय. २०१६ ते २०२४ च्या पत्रिका जशाच्या तशा. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून जिभाऊंचे सगळे मराठी फॉन्ट. एकच फोल्डर उघडताना वाचनाची चूक देतो. २०२५ चा.

अर्थात तोच.

२९ एप्रिल

सकाळच्या गाडीने जळगाव. गोलाणी मार्केटात तीन दुकानं फिरलो. कीबोर्ड मॉडेलच्या नावाने मागायचा नाही, पाठीवरच्या स्टिकरचा क्रमांक दाखवायचा. पट्टी कुठल्या बाजूने निघते आणि किती रुंद आहे ते जुना शेजारी ठेवून बघायचं. पहिल्या दुकानातला दिसायला हुबेहूब, पट्टी मात्र डावीकडून. तिसऱ्या दुकानात जमला, ७५० रुपये.

जुना वाचवायचा प्रयत्न आधी केला होता. पट्टीचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर बडबड थांबली, बऱ्याचशा की चालू झाल्या, पण एक अख्खी उभी रांग मुकीच राहिली. आतली रेघ खाल्ली गेली असणार. डीटीपीवाल्याला अर्धा कीबोर्ड देऊन काय उपयोग.

एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, २५६ जीबी, १,७०० रुपये. ती ७ मिमी जाड, जुनी साडेनऊ. सोबत प्लॅस्टिकची चौकट मागून घेतली, नाहीतर खणात खुळखुळते.

परतीच्या डब्यात शेजारचे आजोबा विचारत होते पिशवीत काय. सांगितल्यावर म्हणाले, "कम्प्युटरनी कंपनी आपलाच गावमा सुरू व्हयनी व्हती." खरं आहे, विप्रो १९४५ साली अमळनेरातच सुरू झाली, वनस्पती तुपाची म्हणून. आणि मी कीबोर्डसाठी जळगावला.

३० एप्रिल

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. काम बंद. बहीण माहेरी आलेली, झाडाला झोका, आमरस-पुरणपोळी. जिभाऊ दोनदा डोकावून गेले, काही बोलले नाहीत. ५ तारखेच्या आत तीन पत्रिका छपाईला जायच्या आहेत, ते न बोलण्यातूनच कळत होतं.

१ मे

२०२५ च्या फोल्डरची यादी गेली आहे, पण फाइलींचा मजकूर डिस्कवर दुसरीकडे असतो. जिभाऊ कोरलड्रॉ १२ वापरतात. त्या जुन्या फाइलींची सुरुवात ठरावीक अक्षरांनी होते, ती खूण धरून फोटोरेक नावाचं साधन फाइली शोधून काढतं. मिळाल्या ३१२. फक्त नावं नाहीत. फाइल ज्या सेक्टरवर सापडली त्याचा आकडाच तिचं नाव.

मी म्हटलं सोपं आहे, उघडून आत 'पारोळा' शोधू. उघडली तर माझ्या यंत्रावर सगळीकडे इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, डॉलरची चिन्हं. "हाई काय लिखेल शे रे?" जिभाऊ घाबरले. काही बिघडलं नव्हतं. त्यांचे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. आत साठवलेली असतात इंग्रजी कींची चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवतो. फॉन्ट नसेल तर 'चि. सौ. कां.' सुद्धा शिवीसारखं दिसतं. आणि 'पारोळा' हा शब्द त्या फाइलीत कुठेच नसतो, म्हणून शोधूनही सापडत नाही.

फॉन्ट चढवून एकेक उघडायची तर दिवस गेला असता. पण प्रत्येक कोरल फाइलीत तिचं एक लहानसं चित्र साठवलेलं असतं. ती ३१२ चित्रं बाहेर काढली आणि पडद्यावर ओळीने मांडली. नखाएवढी, मजकूर वाचता येणं शक्यच नाही.

जिभाऊंनी खुर्ची पुढे ओढली. "हाऊ गणपती पारोळावालास्ना शे." पुढचं. "हाऊ धरणगाव. सोंड उजवीकडे पाहिजे म्हणून भांडला होता नवरदेवाचा बाप." पुढचं. "हे चोपड्याचं, याचं पोट मी कमी केलं, फार सुटलेलं होतं." मी नावं टाइप करत गेलो. अडीच तासांत २९० च्या वर फाइलींना नाव आणि गाव. एकाही पत्रिकेवरचं अक्षर त्यांनी वाचलं नाही. मला वाटत होतं ते कोरलमध्ये कुठलातरी एकच गणपती चिकटवतात.

तातडीच्या तीनपैकी दोन निघाल्या. तिसरी त्या ४१ एमबीत गेली असावी. तिचं प्रूफ ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं होतं, ते परत मागवलं. जिभाऊ बघून नव्याने जुळवणार.

३ मे, शनिवार

जोडणी. एसएसडी चौकटीत, कीबोर्ड खटक्यांत, काळी पट्टी खाली दाबली. गायब स्क्रूच्या जागी जुन्या चष्म्याच्या डबीतला एक बसला. विंडोज ७ ला २०२० पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत म्हणून १० टाकलं. त्याचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय, पण जिभाऊंचा जुना कोरल आणि फॉन्ट यावर चालतात हे आज महत्त्वाचं. लॅपटॉप पंचवीस सेकंदांत सुरू होतो. जिभाऊंना ते खरं वाटेना. सवयीने बटण दाबून चहा आणायला उठले होते.

चहा आता दुसऱ्या टेबलावर. हा नियम काकूंचा.

जुन्या डिस्कवर कागद चिकटवून 'लावू नये' लिहिलं आणि कपाटात ठेवली. बॅकअपसाठी दोन बाहेरच्या डिस्क, एक जिभाऊंकडे, एक माझ्याकडे, दर रविवारी बदलायच्या. एकूण खर्च, त्या दोन डिस्क सोडून, २,४५० रुपये आणि जळगावचं तिकीट.

६ मे

तीनही पत्रिका छपाईला गेल्या. बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची दुकानं लागायला लागलीत, जिभाऊंकडे आता फ्लेक्सची गर्दी.

बाकी: ११ फाइली अजून बिननावाच्या. त्यातल्या एकीवर गणपतीच नाही, नुसती चौकट. जिभाऊ रोज फोन करून विचारतात, ती पुन्हा दाखव बरं.